छिद्रान्वेषणाच्या बाजूने : दूरदर्शनकाळातील बालविज्ञानमालिका आणि कथानकाचे कच्चे दुवे

'छिद्रान्वेषी' हे विशेषण मराठीत कोणी आनंदाने स्वीकारीत नाही. समीक्षकाच्या वाट्याला ते आले तर त्याची रसिकताच शंकास्पद ठरते. मोठ्या रचनेतील एखादे लहान छिद्र हुडकून त्यावर बोट ठेवणे हे क्षुद्र मनाचे लक्षण मानले जाते. ती रचना मुलांसाठी, त्यातही दूरचित्रवाणीसाठी आणि त्यातही तीस-चाळीस वर्षांपूर्वीची असेल, तर बोट ठेवणाऱ्याची कीवच केली जाते. 'मुलांचेच तर आहे, इतके काय पाहायचे?' असे म्हटले की चर्चा संपते. बालसाहित्याच्या आणि बालरंजनाच्या मराठी समीक्षेचे या एका वाक्याने बरेच नुकसान केले आहे. भाषा सोपी आहे काय, संस्कार योग्य आहेत काय, रंजन निर्मळ आहे काय, हे प्रश्न वारंवार विचारले गेले. कथानक स्वतःशी प्रामाणिक आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. विज्ञानकथेच्या बाबतीत तर तोच पहिला प्रश्न असावयास हवा, असे मानून प्रस्तुत विवेचन केले आहे.

येथे विचारात घेतलेल्या मालिका भारतीय पडद्यावर आल्या त्या साधारणपणे १९८० ते २००५ या पंचवीस वर्षांत. ऐंशीच्या दशकात लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे पसरले आणि दूरदर्शन लहान गावांपर्यंत पोचले. 'स्टार ट्रेक' (१९६६-६९) ही अमेरिकन आणि 'जायंट रोबोट' (१९६७-६८) ही जपानी मालिका भारतीय मुलांनी पाहिली ती मूळ प्रसारणानंतर जवळजवळ दोन दशकांनी. त्यामागून 'स्पेस सिटी सिग्मा', आनंद महेंद्रू यांची 'इंद्रधनुष' (१९८९), 'शक्तिमान' (१९९७-२००५), केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' (१९९८) या देशी मालिका आल्या. उपग्रह वाहिन्यांवर 'स्मॉल वंडर'चे हिंदी रूप आणि तिच्याच धर्तीवरील 'करिश्मा का करिश्मा' (२००३-०४) दिसली. मराठी बालप्रेक्षकाला पडद्यावरील विज्ञानकथा मुख्यतः हिंदीतून मिळाली आणि छापील विज्ञानकथा मराठीतून, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. नागपूरजवळच्या कामठीसारख्या छावणीच्या गावात, जेथे मराठी, हिंदी आणि उर्दू एकाच गल्लीत बोलल्या जातात, तेथे मुलांना या विभागणीचे काही वाटण्याचे कारण नव्हते. पण तिचा एक परिणाम असा झाला की मराठी समीक्षेने या मालिका आपल्या मानल्याच नाहीत. ज्या कथा मराठी मुलांनी सर्वाधिक पाहिल्या, त्यांच्यावर मराठीत सर्वांत कमी लिहिले गेले.

दुवा कच्चा कोठे असतो?

विज्ञानातील चूक आणि कथानकातील कच्चा दुवा यांत नेहमी गल्लत केली जाते. अवकाशात ध्वनी पोचत नाही, तरी पडद्यावरील याने गर्जना करीत जातात. पृथ्वी आणि गुरू यांच्यामधील अंतर कापावयास प्रकाशालाही सुमारे ३५ ते ५२ मिनिटे लागतात, तरी गुरूच्या परिसरातील पात्र पृथ्वीवरील अधिकाऱ्याशी शेजारच्या खोलीत असल्यासारखे बोलते. 'गॅलिलिओ' हे यान ऑक्टोबर १९८९ मध्ये निघून डिसेंबर १९९५ मध्ये गुरूपाशी पोचले. मालिकेतील यान जाहिरातींच्या मध्यंतरात पोचते. या सर्व विज्ञानाच्या चुका आहेत, परंतु यांपैकी एकही आपोआप कच्चा दुवा ठरत नाही. प्रकाशाहून वेगवान यान मालिकेने गृहीत धरले असेल तर ते गृहीतक प्रेक्षकाने मान्य करावयाचे असते. एका भागात तेच अंतर नायकाला क्षणात कापता आले आणि पुढच्या भागात 'आता वेळेवर पोचणे अशक्य' म्हणून त्याच अंतराने त्याला रडविले, तर मात्र दुवा तुटला. कथानकाने स्वतःच घालून दिलेला नियम, आधी घडून गेलेली घटना किंवा पात्राचे ज्ञात सामर्थ्य यांच्याशी जे विसंगत आहे आणि ज्याचा खुलासा कथानकात कोठेच नाही, त्याला येथे कच्चा दुवा म्हटले आहे.

निर्मितीच्या दारिद्र्यालाही या व्याख्येत जागा नाही. पुठ्ठ्याचे यान, चंदेरी कापडाचे गणवेष, दिसणारी तार या गोष्टींना हसणे सोपे आहे. त्यांना हसून झाले की मालिकेची समीक्षा झाली, असा एक समज अलीकडच्या स्मरणरंजनपर लेखनात आढळतो. पुठ्ठा हा पुठ्ठाच राहणार. दशावतारातील रावणाचीही तोंडे खोटीच असतात.

गृहीतक अशक्य असले तरी चालते, हा विचार जुना आहे. न पटणाऱ्या शक्य घटनेपेक्षा पटणारी अशक्य घटना कवीने निवडावी, असे ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त सांगितले. तेथेच त्याने आणखी एक बारकावा नोंदविला आहे. अतर्क्य असे काही असलेच तर ते प्रत्यक्ष नाट्याच्या बाहेर, पूर्ववृत्तात असावे. आणि उदाहरण दिले आहे ते लायसचा मृत्यू कसा झाला हे ईडिपसला इतकी वर्षे ठाऊक नसण्याचे. 'कॅप्टन व्योम'ला हा न्याय तंतोतंत लागू पडतो. इ. स. २१२३ मध्ये पृथ्वी एका विश्वप्रमुखाच्या सत्तेखाली एकत्र आलेली आहे आणि गुरूच्या उपग्रहावरील तुरुंगातून बारा भयंकर गुन्हेगार निसटले आहेत. सगळी मानवजात एका छत्राखाली आणू शकणाऱ्या शासनाने हे बारा जण एकाच ठिकाणी का कोंडावेत, हा प्रश्न रास्त आहे. तो कोणी विचारीत नाही, कारण तो उंबऱ्याच्या बाहेरचा आहे. आत आल्यावर मालिका बारा ही संख्या पाळते काय, एवढेच मूल पाहते. बारांपैकी किती पकडले आणि किती उरले हे बोटांवर मोजता येणे, ही या मालिकेच्या रचनेतील खरी शहाणी गोष्ट होती.

संस्कृत साहित्यशास्त्रात हीच जाण 'औचित्य' या संकल्पनेत आहे. अनौचित्य हेच रसभंगाचे कारण, असे आनंदवर्धनाने म्हटले आणि क्षेमेंद्राने त्या एका तत्त्वावर स्वतंत्र ग्रंथ रचला. पण ग्रंथांपर्यंत जाण्याचीही गरज नाही. चिमणी आणि कावळ्याची गोष्ट ऐकणाऱ्या तीन वर्षांच्या मराठी मुलालाही हा नियम कळतो. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस आला की कोणते घर वाहून जाणार हे द्रव्यावरून ठरते. पक्ष्यांनी बोलणे आणि दार ठोठावणे मुलाला मान्य असते. एखाद्या रात्री आजीने पेंगुळत मेणाचे घर वाहवून टाकले, तर मूल तिला थांबविते. दूरदर्शनवर १९८५ मध्ये आलेल्या 'विक्रम और बेताल'मध्येही नियम एकच होता: राजा बोलला की वेताळ परत झाडावर. त्या मालिकेत विज्ञान औषधालाही नव्हते, तरी हा नियम काटेकोर होता. विज्ञानमालिकेकडून याहून कमी अपेक्षा ठेवण्याचे कारण दिसत नाही.

घड्याळातला आवाज

'जायंट रोबोट' या मालिकेत कच्चे दुवे विपुल आहेत, आणि तरीही ती आदर्शवत् आहे. परग्रहावरून आलेला सम्राट गिलोटिन पृथ्वी जिंकू पाहतो. त्याच्या हस्तकांनी कैद केलेला शास्त्रज्ञ एक प्रचंड यंत्रमानव उभारतो. मनगटी घड्याळात ज्याचा आवाज प्रथम नोंदला जाईल त्याचीच आज्ञा तो मानणार. अपघाताने तो आवाज एका लहान मुलाचा असतो. पुढे एका आंतरराष्ट्रीय गुप्त संघटनेत हा मुलगा प्रौढ हेरांच्या बरोबरीने काम करू लागतो.

येथे पहिला आक्षेप असा की एवढ्या लहान मुलाला बंदुकीच्या तोंडी कोण पाठवील? त्याला उत्तर आहे: यंत्रमानव दुसऱ्या कोणाचे ऐकत नाही. प्रौढांच्या जगाला मुलाची गरज का पडावी, ही सर्व बालसाहसकथांना छळणारी अडचण येथे एका तांत्रिक नियमाने सोडविली आहे, आणि ती करमणुकीच्या कथेत क्वचित आढळणाऱ्या नेटकेपणाने सोडविली आहे. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. प्रत्येक भागात राक्षस शहर उद्ध्वस्त करू लागल्यावरच यंत्रमानवाला का बोलावले जाते? आधीच बोलावले तर भाग दहा मिनिटांत संपेल, हे खरे उत्तर. पण ते लेखकाचे झाले, पात्राचे नव्हे. मालिकेने या छिद्राला निदान अर्धे ठिगळ लावले आहे. अनेक भागांत शत्रू आधी मुलाला पळवितो, त्याचे घड्याळ हिसकावतो, त्याला बोलू देत नाही. म्हणजे शत्रूलाही नियम ठाऊक आहे आणि तो नियमाच्या आत राहून लढतो. जेथे असे होत नाही ते भाग आज पाहतानाही कंटाळवाणे वाटतात.

शेवटच्या भागात मालिका आपलाच नियम मोडते. गिलोटिनच्या देहात इतकी अणुऊर्जा साठलेली आहे की त्याला मारले तर पृथ्वी नष्ट होईल. मुलाने काही आज्ञा देण्यापूर्वीच यंत्रमानव त्याला उचलतो आणि अवकाशात झेपावतो. मुलगा घड्याळातून परत ये, परत ये म्हणून ओरडत राहतो, आणि सव्वीस भागांत आज्ञेबाहेर न गेलेला यंत्रमानव ती आज्ञा पाळीत नाही. तो एका अशनीवर आदळून शत्रूसह नष्ट होतो. काटेकोरपणे पाहता हा सर्वांत मोठा कच्चा दुवा आहे. आज्ञेशिवाय न हलणाऱ्या यंत्राला स्वतःची इच्छा कोठून आली, याचा खुलासा नाही. तरी त्याला कोणी दोष देत नाही, आणि देऊही नये. नियम पंचवीस भाग पाळला गेला होता म्हणूनच सव्विसाव्या भागातील त्याचा भंग डोळ्यांत पाणी आणतो. यंत्राने प्रथमच 'नाही' म्हटले, हे मुलाला सांगावे लागत नाही. कच्चा दुवा आणि अर्थपूर्ण नियमभंग यांतील फरक येथे उघड दिसतो. पहिल्यात लेखक नियम विसरलेला असतो, दुसऱ्यात त्याला तो पुरता आठवत असतो.

मर्यादा नसलेली शक्ती

'शक्तिमान'ला विज्ञानमालिका म्हणावे काय, असा आक्षेप घेतला जाईल. नायकाचे सामर्थ्य कुंडलिनीच्या जागृतीतून आणि पंचमहाभूतांतून आलेले आहे. ते योगशास्त्राचे क्षेत्र झाले. तथापि प्रतिपक्षात तमराज किल्विशच्या जोडीला डॉ. जॅकॉल हा प्रयोगशाळेत विकृत जीव निर्माण करणारा वैज्ञानिक आहे, आणि मालिका योगाची शक्तीही वारंवार विज्ञानाच्याच परिभाषेत समजावून सांगते. विज्ञानकथेचा पोशाख तिने स्वतःहून चढविलेला आहे. तेव्हा त्या पोशाखाचे माप घेण्यास हरकत नसावी.

या मालिकेवर सर्वाधिक हसण्याचा विषय म्हणजे पंडित गंगाधर. चष्मा, पुढे आलेले दात आणि लांबलचक नाव एवढ्या सामग्रीवर एका वृत्तपत्राच्या कचेरीतील कोणालाही आपल्या छायाचित्रकाराचा चेहरा ओळखू येत नाही. १९३८ मध्ये अवतरलेल्या सुपरमॅनचा चष्मा येथे उसना घेतला आहे, हे उघड आहे. मराठी प्रेक्षकाने मात्र यावर फार हसू नये. 'संगीत सौभद्र'मध्ये अर्जुन यतीचा वेष घेतो आणि ज्या सुभद्रेचा त्याच्यावर जीव आहे तिलाही तो ओळखू येत नाही. त्या वेषांतराने शंभराहून अधिक वर्षे मराठी रसिकांना आनंद दिला आहे. वेष बदलला की ओळख पुसली जाते हा रंगभूमीचा मान्य संकेत आहे आणि मालिकेने तो बहुतांशी सातत्याने पाळला. गंगाधर हा कच्चा दुवा नव्हे.

खरा कच्चा दुवा शक्तीच्या मर्यादेत आहे. शक्तिमान उडू शकतो, स्वतःभोवती गरगर फिरून कोठेही प्रकट होऊ शकतो, दूरचे संकट त्याला जाणवते. मग किल्विशचा अंधारलोक वर्षानुवर्षे सुखरूप का? पहिल्या वर्षी ज्या युक्तीने एक खलपुरुष नष्ट झाला ती पुढच्या वर्षी तशाच दुसऱ्यावर का वापरली जात नाही? त्याची शक्ती कधी अमर्याद असते, कधी ऐनवेळी क्षीण होते. आणि ती केव्हा काय असेल हे आधी सांगता येईल अशी कोणतीही खूण प्रेक्षकाला दिलेली नाही. शक्तिमानाचे घड्याळ कोठे आहे, असे 'जायंट रोबोट'च्या परिभाषेत विचारता येईल. ते नाही, आणि म्हणून शत्रूलाही ते हिसकावून घेता येत नाही. संघर्ष उरतो तो केवळ भाग किती मिनिटांचा आहे यावर अवलंबून.

या छिद्राची गोष्ट पडद्यावरच संपली असती तर तिचे एवढे मनावर घेण्याचे कारण नव्हते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, शक्तिमान वाचवावयास येईल या भरवशावर मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत येऊ लागल्या. त्यांच्या खरेपणाविषयी वाद झाला, निर्मात्यांनी त्या नाकारल्या, आणि मुलांनी अनुकरण करू नये अशी सूचना खुद्द नायकाच्या तोंडून पडद्यावर दिली गेली. बातम्यांचा निवाडा करणे हे समीक्षेचे काम नव्हे. ती सूचना कोठे होती, हे मात्र समीक्षेने पाहावयास हवे. ती कथेच्या बाहेर होती. मालिकेच्या शेवटी लहानसहान चांगल्या सवयींचे पाठ दिले जात, त्यांच्याच सुरात आणि त्यांच्याच जागी ही सूचना आली. कथेच्या आत मात्र शक्तिमान कोणाच्या हाकेला येतो, कोणाच्या येत नाही आणि का येत नाही, हे पुरते कधीच ठरले नाही. जो येऊ शकत नाही असा एखादा प्रसंग, आणि न येण्याचे कथेतील पक्के कारण, एवढे जरी मालिकेने रचले असते तरी तिला व्याख्यानाची गरज कमी भासली असती. कथानकातील भोक शेवटच्या दोन मिनिटांच्या उपदेशाने बुजत नाही. मुले गोष्ट लक्षात ठेवतात. उपदेशाच्या वेळी ती पाणी प्यावयास उठलेली असतात.

येथे कोणी म्हणेल की हा भार एका करमणुकीच्या मालिकेवर टाकणे अन्यायाचे आहे. तो अंशतः आहेही. दूरदर्शनच्या प्रायोजित मालिकांना तेरा-तेरा भागांच्या हप्त्यांनी मंजुरी मिळण्याची पद्धत होती. तेरावा भाग शेवटचा की तेराशेवा, हे ठाऊक नसताना लेखकाने खलपुरुषाला मारावे की जिवंत ठेवावे? तो त्याला अर्धमेला ठेवतो. शिवाय एकदा प्रसारित झालेला भाग प्रेक्षक पुन्हा पाहणार नाही, हे गृहीतच होते. व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर फार थोड्या घरांत होता आणि बालमालिका कोणी ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवीत नसे. विसरणाऱ्या प्रेक्षकासाठी लिहिणारा लेखक स्वतःही विसरतो. ब्रिटनमध्ये तर बीबीसीने 'डॉक्टर हू' या मालिकेच्या साठच्या दशकातील कित्येक भागांच्या फिती जागा आणि खर्च वाचविण्यासाठी पुसून टाकल्या. त्या कोणी पुन्हा मागेल असे कोणाला वाटलेच नव्हते. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने 'शक्तिमान' पुन्हा दाखविली, तेव्हा एकेकाळची मुले आपल्या मुलांना शेजारी बसवून ती पाहू लागली, आणि लागोपाठ पाहिल्यामुळे जे पूर्वी आठवड्यांच्या अंतरात झाकले गेले होते ते उघडे पडले.

बदललेले चेहरे

अडचणीतून नियम कसा घडतो आणि कसा घडत नाही, याची काही उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. 'डॉक्टर हू' २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. मुख्य नट विल्यम हार्टनेल प्रकृतीमुळे काम करू शकेना, तेव्हा १९६६ मध्ये लेखकांनी ठरविले की डॉक्टर परग्रहवासी असल्याने मरणाच्या दारात त्याचा देह नवा होतो. नट बदलण्याची सोय हा कथेचा नियम झाला. १९७६ मधील एका कथेत सहज म्हणून सांगितले गेले की असे नूतनीकरण बाराच वेळा होऊ शकते. ती मर्यादा त्या वेळी फार दूर होती. २०१३ मध्ये ती समोर येऊन उभी राहिली आणि लेखकांना तिच्यातून सुटण्यासाठी कथेतच वाट काढावी लागली. सदतीस वर्षांपूर्वीचे एक वाक्य नाकारणे सोपे होते, तरी त्यांनी ते नाकारले नाही. याच मालिकेने अटलांटिसचा नाश १९६७, १९७१ आणि १९७२ मध्ये तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितला आहे, हेही नमूद केले पाहिजे. तेव्हा इंग्रज लेखक निसर्गतःच दक्ष असतात असा गैरसमज नको.

'स्मॉल वंडर'मध्ये (१९८५-८९) यंत्रबालिकेचे काम करणारी मुलगी वर्षागणिक वाढू लागली. यंत्र वाढत नाही. लेखकांनी कथेतील पित्याकडूनच, जो मुळात अभियंता आहे, तिच्यात सुधारणा करवून तिला थोडी मोठी केली. ठिगळ ढोबळ आहे, पण कापड त्याच ठाणातले आहे. 'करिश्मा का करिश्मा' एका वर्षातच आटोपल्याने तिच्यावर ही वेळ आली नाही.

'शक्तिमान'मध्ये गीता विश्वास या पत्रकार नायिकेचे काम प्रथम किटू गिडवानी यांनी आणि नंतर वैष्णवी महंत यांनी केले. नटी बदलणे हा मालिकांच्या जगातील रोजचा व्यवहार आहे, त्याचे भांडवल करू नये. पण ज्या जगात रूप बदलणे हीच नायकाची मुख्य विद्या आहे, त्या जगातील लेखकाला नायिकेचा चेहरा बदलताना कथेची एखादी युक्ती सुचू नये, याचे आश्चर्य वाटते. प्रेक्षकाने डोळे मिटून घ्यावेत, एवढीच तेथे अपेक्षा होती. मूल डोळे मिटते. ते आज्ञाधारक असते. आपण पाहिले ते विचारावयाचे नसते, हेही ते त्याच वेळी शिकते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. दूरदर्शनवरील बालकार्यक्रमांची भलामण करताना त्या कलमाचा उच्चार अनेकदा होतो. मुलाला प्रश्न न विचारण्याची सवय लावणारा कार्यक्रम अवकाशयाने दाखवून त्या कर्तव्याला कसा हातभार लावतो, हे मात्र कळत नाही.

छापील पानावरचा धूमकेतू

याच मुलांच्या हाती मराठीत जी विज्ञानकथा होती ती कशी होती? भा. रा. भागवतांनी केलेली ज्यूल व्हर्नची रूपांतरे होती, आणि जयंत नारळीकर होते. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत टोपणनावाने पाठविलेल्या 'कृष्णविवर' या कथेपासून २० मे २०२५ रोजी झालेल्या निधनापर्यंत, नारळीकरांचे नाव मराठी विज्ञानकथेशी अभिन्नपणे जोडलेले राहिले. त्यांच्या कथांत कच्चे दुवे नाहीत काय? आहेत. 'धूमकेतू' ही त्यांची कथा या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. तिचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या आठवीच्या पूरक वाचनातही समाविष्ट होते, त्यामुळे ती मराठीबाहेरच्या मुलांनीही वाचली आहे.

हौशी खगोल-निरीक्षक दत्तदा एक धूमकेतू शोधतात. तो पृथ्वीवर आदळणार असल्याचे गणित एक इंग्रज शास्त्रज्ञ मांडतो, आणि घबराट होऊ नये म्हणून ते प्रसिद्ध होण्यापूर्वीच दडपले जाते. येथे दुवा कच्चा आहे. धूमकेतू तर जाहीर झालेला आहे. त्याची स्थिती जगातील कोणत्याही वेधशाळेला मोजता येते आणि कक्षेचे गणित कोणालाही करता येते. एक निबंध दाबल्याने आकाश दाबले जात नाही. डिसेंबर २०२४ मध्ये '२०२४ वायआर४' हा लघुग्रह सापडला, तेव्हा तो २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन टक्क्यांच्या वर गेली आणि पुढे नगण्य झाली. ही सगळी चढउतार सारे जग रोज वृत्तपत्रांत वाचीत होते. स्वतः खगोलशास्त्रज्ञ असलेल्या लेखकाच्या हातून हे निसटले की गोपनीयतेच्या नाट्यासाठी त्यांनी ते जाणून सोडले, हे ठरविता येत नाही.

दुसरा दुवा मात्र त्यांनी इतका घट्ट बांधला आहे की पहिल्याची उणीव जाणवत नाही. अणुस्फोटके घेऊन जाणारे यान धूमकेतूकडे पाठवून त्याला किंचित वळविण्याची योजना ठरते. किती आधी ढकलले म्हणजे किती वळेल, याचा हिशेब कथेत आहे. १९८० च्या आसपासच्या वाचकाला ही केवळ कल्पना वाटली असेल. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाच्या 'डार्ट' यानाने डायमॉर्फॉस या लघुग्रहीय उपग्रहाला, स्फोटकांविना का होईना, धडक दिली आणि त्याचा परिभ्रमणकाळ सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाला. इकडे घरी दत्तदांच्या पत्नी इंद्राणीदेवी अरिष्टशांतीसाठी यज्ञ करवितात. धूमकेतू टळतो, आणि घरात श्रेय यज्ञाला मिळते. दत्तदा हताश होतात. कथेचा सगळा उपरोध या एका जागी उभा आहे. यान केव्हा निघाले, केव्हा पोचले आणि धूमकेतू किती सरकला हे आधी पक्के झालेले असल्यामुळेच आठवीतला मुलगा दत्तदांच्या बाजूला जाऊन उभा राहतो. त्याला लेखकाने कोठेही तसे सांगितलेले नाही. हाच दुवा सैल असता, यानाची शक्ती शक्तिमानासारखी प्रसंगानुसार कमीजास्त होणारी असती, तर यज्ञ आणि यान यांत निवड करण्यास त्या मुलाच्या हाती कोणतेही साधन उरले नसते, आणि इंद्राणीदेवींचे म्हणणे दत्तदांच्या म्हणण्याइतकेच खरे ठरले असते.